हे कागद अजून कामावर आहेत

पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली गेली. पेटीतून साडीच्या दुकानाची पिशवी निघाली, तिच्यातून दुसरी पिशवी आणि तिच्यातून कागद. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या त्या घरात निम्मे सामान बांधून झाले होते. भांड्यांचे गोणपाट दारात, गादीची वळकटी जिन्यावर. आजींनी जमिनीवर पदर पसरला आणि त्यावर एकेक कागद मांडला. जुनी शिधापत्रिका, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. १९९५ च्या मतदार यादीचा उतारा. लाइट बिलांची चळत, सुतळीने बांधलेली. आणि खाली दुमडलेले एक पत्रक: जुलै १९९७ मधल्या निषेध सभेचे, सायक्लोस्टाइल केलेले. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने दुधाचा हिशोब होता. तो हिशोब होता म्हणूनच पत्रक टिकले असावे.

"हे पत्रक न्या ताई," आजी म्हणाल्या. "पण रेशन कार्ड नाही देणार हां. उद्या पात्र-अपात्रला परत बोलावलं तर काय दाखवू? तुमचं प्रदर्शन?"

मी हसले, त्याही हसल्या. पण घरी परतताना लोकलमध्ये मला त्यांचे म्हणणे सोडेना. उपनगरांतल्या हक्कांच्या लढ्यांचे प्रदर्शन भरवायला आम्ही निघालो आहोत, आणि ज्याला आम्ही ‘ऐतिहासिक दस्तऐवज’ म्हणतो तो त्या घरात अजून निवृत्त झालेला नाही. तो कामावर आहे. उद्या सकाळी ११ वाजता त्याला हजेरी लावायची आहे.

मी स्वतः निवृत्त आहे. राहते मुलुंडला, आणि ३१ वर्षे एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. त्या खोलीत कागदाची जात ठरते. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा जपायचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ दहा किंवा पाच, आणि ‘ड’ वर्गाचा काम संपले की वर्षभरात नष्ट करायचा. जमिनीचा, हुकमाचा, पैशाचा कागद वर चढतो. लोकांनी मोर्चा आणून दिलेले निवेदन काय असते? त्यावर आवक क्रमांक पडतो, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो, ते एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते आणि आमच्या खोलीत येईपर्यंत ‘ड’ झालेले असते. नष्ट करायच्या कागदांच्या याद्यांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत, नियमाप्रमाणे आणि निर्धास्तपणे. त्यांत नळाला पाणी नाही म्हणून शंभरेक बायकांनी अंगठे उठवलेले अर्ज होते, पोलीस चौकीत मारहाण झाली म्हणून केलेल्या तक्रारी होत्या, पावसाळ्यात झोपड्या तोडू नका अशा विनंत्या होत्या. सरकारी प्रत गेली. उरली असेल तर अर्जदाराकडची पोच, निळसर गोल शिक्का मारलेली.

‘पोच घ्या’ हे आपल्याकडच्या कुठल्याही कार्यकर्त्याचे पहिले शिक्षण. भाषण नंतर, घोषणा नंतर. कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. म्हणून माझे म्हणणे असे की मुंबईच्या उपनगरांतल्या मानवी हक्कांच्या चळवळीचे अभिलेखागार कुठल्या इमारतीत नाही. ते पोच घेतलेल्या प्रतींच्या रूपाने पलंगाखाली आहे. आणि ते आत्ता रिकामे होते आहे.

पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे, त्या आखणीत रमाबाई नगर आणि शेजारचे कामराज नगर येते. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून तिथे १७ हजारांच्या आसपास घरांचा पुनर्विकास करत आहेत. पक्के घर मिळणार याचा आनंद लोकांना आहे, तो खरा आहे, आणि प्रदर्शनवाल्यांनी त्यावर उसासे टाकू नयेत. झोपडीत राहणाऱ्याला झोपडीची आठवण जपायला सांगणे ही चैन आपल्यासारख्यांची. पण घर हलवताना पहिल्यांदा काय फेकले जाते? भांडी नाहीत, कपडे नाहीत. पात्रतेला लागणारे पाच-सहा पुरावे पिशवीत जातात, बाकीचे कागद रद्दीत. सभेची पत्रके, वर्गणीच्या पावत्या, वकिलाची पत्रे, महिला मंडळाचे हजेरीपुस्तक. मी एका सकाळी तिथल्या रद्दीवाल्याकडे अर्धा तास उभी होते. त्याने मला चहा पाजला आणि सांगितले, "मॅडम, पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा, बाकी सगळा मिक्स." आमचा सगळा विषय त्या ‘मिक्स’ मध्ये होता.

आमचे मंडळ सात जणांचे. त्यात एक निवृत्त परिचारिका आहे, एक फोटो स्टुडिओवाला आहे, मुंबई विद्यापीठात, कलिनाला, एमए करणारी रमाबाई नगरातलीच एक मुलगी आहे, आणि बाकी आम्ही वेळ असलेली माणसे. पहिल्या बैठकीत ४० फलकांची यादी झाली. गोरेगावच्या मृणालताई गोरे, अर्थातच. पाण्यासाठी झगडून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या, अहिल्याताई रांगणेकरांसोबत महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढणाऱ्या, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या आणि १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेल्या. मग १९९३ च्या जानेवारीतल्या दंगलीत पेटवलेली जोगेश्वरीची राधाबाई चाळ आणि दंगलीची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून १९९७ नंतर उठवलेली वस्ती. पुनर्वसनासाठी त्या कुटुंबांना ७ हजार रुपये भरायला सांगितले होते; त्या पावत्या चांदिवलीत आजही घराघरांत निघतील. २०१९ च्या ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेमध्ये झाडे तोडायला सुरुवात झाली तेव्हा धावून गेलेली आणि पकडली गेलेली २९ माणसे. आणि रमाबाई नगर.

यादी वाचून मला आमच्या कचेरीतल्या वार्षिक अहवालाची आठवण झाली. सगळ्यांचा मान राखलेला, आणि कुणीच लक्षात राहणार नाही असा. फ्लेक्सवर छापलेला मोठा फोटो, खाली दोन ओळी, पुढचा फोटो. अशा प्रदर्शनात लोक चपला न काढता आत येतात आणि सात मिनिटांत बाहेर पडतात. कुणीतरी खरी लाटणी छताला टांगायचीही कल्पना मांडली. मी विरोध केला, मतदान झाले, पाच विरुद्ध दोन. लाटणी टांगली जाणार आहेत.

बाकी मुद्द्यांवर मात्र मी हटून बसले. मोठ्या माणसांचे फोटो कुठेही मिळतात. मृणालताईंसाठी गोरेगावात केशव गोरे स्मारक उभे आहे. दहिसरला ‘स्पॅरो’ आहे. सी. एस. लक्ष्मी यांनी, म्हणजे तमिळ वाचकांच्या ‘अंबई’ यांनी, १९८८ पासून स्त्रियांच्या आयुष्याचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, पोस्टर जमवून उभा केलेला संग्रह. आपल्या उपनगरात असे काही आहे हे बोरिवलीच्या किती जणांना माहीत असेल? आपण ज्याला हात घालायचा तो कागद यांपैकी कुठेच नाही, आणि त्याच्याकडे वेळ कमी आहे.

रमाबाई नगराचेच बघा. ११ जुलै १९९७, शुक्रवार. पहाटे वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक हायवेवर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला, १० जण मेले, २६ जखमी झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, आमच्या मुलुंडमध्ये राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी घरात गळफास घेतला. न्या. गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला, त्याने १९९८ मध्ये अहवाल दिला आणि गोळीबाराची जबाबदारी उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठेवली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून जामीन झाला. आनंद पटवर्धनांनी घोगरे यांच्या मृत्यूपासून सुरू केलेला माहितीपट, ‘जय भीम कॉम्रेड’, १४ वर्षांनी, २०११ मध्ये पूर्ण झाला.

आता हे सगळे कुठे आहे? आयोगाची कागदपत्रे सरकारकडे. खटल्याची कोर्टात. ह्यूमन राइट्स वॉच या न्यूयॉर्कच्या संस्थेने १९९९ मध्ये भारतातल्या जातीय अत्याचारांवर मोठा अहवाल काढला, त्यात रमाबाई नगरावर प्रकरण आहे, इंग्रजीत. म्हणजे घाटकोपरच्या गल्लीत काय झाले हे न्यूयॉर्कमध्ये छापील मिळते आणि गल्लीत ते माणसांच्या तोंडी आहे. दरवर्षी ११ जुलैला लोक जमतात, मेणबत्त्या लागतात, नावे घेतली जातात. आमच्या मंडळातल्या मुलीचा जन्म गोळीबारानंतरचा. ती म्हणाली, "आम्ही नावं पाठ केलीत, पण त्या घरांत काय वाचलं, काय हरवलं, ते कुणी विचारलंच नाही. पत्रकार आले ते रडणारी बाई कुठाय म्हणून विचारत."

हे विचारायची रीत मराठीत नवी नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन गाठले, त्यांच्याशी बोलल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. त्या दोघी काही सरकारी संशोधक नव्हत्या. त्यांनी दार वाजवले, बस म्हटले की बसल्या. एवढी साधी पद्धत आहे. आम्ही फक्त एक प्रश्न वाढवला: "घरात जुना कागद काय आहे?" या प्रश्नाने जेवढे बोलणे निघते तेवढे "तुमच्या आठवणी सांगा" या प्रश्नाने निघत नाही. आठवणी सांगा म्हटले की माणूस भाषण करतो. कागद हातात आला की तो सांगतो, हा शिक्का मारणारा बाबू जेवायला गेला होता, आम्ही दोन तास उभे होतो, पोरगं काखेत होतं, पाऊस होता.

गरिबाकडे कागद नसतात अशी एक समजूत आहे. ती चूक आहे. सुस्थितीतल्या माणसाला आपण इथे राहतो हे सिद्ध करावे लागत नाही, म्हणून तो कागद फेकू शकतो. माझ्याकडे माझे १९९५ चे लाइट बिल नाही. झोपडपट्टीतल्या माणसाला ते ठेवावेच लागते. १९७६ ला सरकारने झोपड्यांची गणना करून फोटोपास दिले, मग संरक्षणाची तारीख सरकत सरकत १९८५, १९९५, २००० अशी आली, आणि पुढे २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर अशी तरतूद झाली. दर तारखेला नवा पुरावा. या धाकाने लाखो घरांना नकळत दप्तरदार केले. सरकारने लोकांवर अविश्वास दाखवला आणि त्यातून शहराचा असा खासगी अभिलेख तयार झाला की तो कुठल्याही पुराभिलेखागाराने हेवा करावा. हक्कांची चळवळ म्हणजे फक्त मोर्चा नाही. पंचवीस वर्षे एक बिल उंदरापासून वाचवणे हीसुद्धा तीच चळवळ आहे, आणि प्रदर्शनात तिला पहिली भिंत मिळाली पाहिजे.

उलट, कागदच नसलेली बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १० जुलै १९८५ चा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल जगभर शिकवला जातो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे त्यात म्हटले आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. १९८१ च्या भर पावसात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून गावी पाठवायचे ठरवले, त्यावरचे हे प्रकरण. निकाल इंग्रजीत आहे, लांब आहे, पण त्याची सुरुवातीची पाने मी तीनदा वाचली, कारण त्यात माणसे आहेत. एकजण सेलमहून आलेला, दहिसरच्या रसायन कंपनीत २३ रुपये रोजावर. प्लास्टिकच्या झोपडीसाठी त्याने झोपडीदादाला अडीच हजार दिले. त्याला सरकारने बसमध्ये घालून सेलमला पाठवले. बायको-मुली तिकडे राहिल्या, तो परत आला. दुसरा संगमनेरचा, चपला शिवणारा, गावातले घर पडल्यावर मुंबईत बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरची जागा त्याला एका गुंडाकडून तीनशे रुपयांना मिळाली. या पैशांची पावती कुठून असणार? तिथे शपथपत्र हीच पावती. हे दोघे तो खटला पूर्णपणे जिंकलेही नाहीत. पावसाळा संपेपर्यंत हटवू नका, एवढे मिळाले. वकिलांना निकालाचे तत्त्व पाठ असते. मला वाटते आमच्या प्रदर्शनात तत्त्व लहान अक्षरात जावे आणि २३ रुपये, अडीच हजार, तीनशे हे आकडे मोठ्या.

इथे एक गंमत सांगायला हवी. त्या निकालातले काही अर्जदार राहायचे ‘कामराज नगर’ मध्ये. आमच्या फोटो स्टुडिओवाल्याने लगेच फलकाचा मजकूर लिहिला: ‘घाटकोपरच्या कामराज नगरातून थेट सर्वोच्च न्यायालयात.’ निकाल नीट वाचला तर ते कामराज नगर विलेपार्ल्याचे, पश्चिम द्रुतगती मार्गाकाठचे. हायवे दोन, कामराज नगरे दोन. कामराज या मद्रासच्या पुढाऱ्याचे नाव तमिळ मजुरांनी दोन्हीकडे दिलेले दिसते. फलक छापून टांगला असता तर पहिल्याच दिवशी कुणा जाणत्याने पकडले असते आणि मग आमच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. स्टुडिओवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कागद हाताळण्याबद्दल थोडे लिहिते, कारण हे वाचून कुणी आज पेटी उघडेल. लॅमिनेशन करू नका. ते टिकवण्यासाठी केले जाते आणि कागदाला आतल्या आत शिजवते. पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टी पिवळी पडते आणि शाई ओढते. टाचणी गंजते, तिच्याऐवजी सुती नाडा बांधा. झेरॉक्सची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की अक्षरे पिशवीला चिकटतात. शक्य तर साध्या सुती कापडात गुंडाळा. पेशव्यांच्या दफ्तराचे रुमाल आपल्याला उगाच नाही मिळाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्याची रेघ अनेक कागदांवर आहे. ती पुसायची नाही. एका बाईंनी शिधापत्रिकेवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, चिखलाबरोबर नावही गेले, आणि नाव परत चढवायला दोन वर्षे गेली.

आणि २०१९ च्या आरेचा कागदच नाही. रात्रीत माणसे जमली ती व्हॉट्सॲपवर. ज्यांच्या फोनवर ते निरोप होते त्यांतल्या दोघांनी मधल्या काळात फोन बदलले. पोच घेण्याची सवय या पिढीला कुणी लावायची?

म्हणून आमचा नियम असा ठरला. मूळ कागद कुणाकडूनही घ्यायचा नाही. घरात जाऊन, त्यांच्यासमोर, त्यांच्याच जमिनीवर स्कॅन करायचा, चांगली छापील प्रत त्यांना द्यायची आणि एक आम्ही ठेवायची. मूळ कागद प्रदर्शनात मांडायचा असेल तर उसना. वहीत नोंद, दोघांची सही, आणि मागितल्या क्षणी परत, प्रदर्शन चालू असले तरी. यावर एका जाणकाराने नाक मुरडले. मूळ संग्रह नसेल तर त्याला अभिलेखागार म्हणत नाहीत, म्हणे. न म्हणू दे. उपनगरात गेल्या तीस वर्षांत किती विद्यार्थी, किती संस्था, किती चित्रपटवाले वस्त्यांमधून फोटो आणि कागद ‘दोन दिवसांसाठी’ घेऊन गेले याचे किस्से मी ऐकले आहेत. आमच्या दारात पहिला प्रश्न नेहमी तोच येतो: "परत देणार ना?"

मृतदेहांचे फोटो लावायचे नाहीत, यावर मात्र मतदान घ्यावे लागले नाही. मुलीने सांगितले, माझी आई प्रदर्शनात येईल, तिच्या शेजारणीचा मुलगा त्या फोटोत आहे. विषय संपला. दुसऱ्या एकाने विचारले, पोलिसांची बाजू? ती लावू. गॅसचा टँकर पेटवला जाणार होता म्हणून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. ते शब्द भिंतीवर लावू आणि शेजारी आयोगाने जबाबदारी कुणावर ठेवली तेही लावू. दोन्हीत मी एक विशेषणसुद्धा घालणार नाही.

तारखेवरून फार घोळ झाला. १० डिसेंबर हा जागतिक मानवी हक्क दिन. १९४८ ला जाहीरनामा झाला तो दिवस. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेली वस्ती १० ला आणखी कशाला उभी राहील? ११ जुलै म्हटले तर पाऊस, आणि तो दिवस शोकाचा. तिथे आपले टेबल मांडू नये. शेवटी डिसेंबरचा दुसरा रविवार धरला. जागा वस्तीजवळचीच, चपला बाहेर. खर्चासाठी एका भावी नगरसेवकाचे बोलावणे आले होते. अट एकच, प्रवेशद्वारावर त्यांचा फोटो. त्यांच्या शेजारी बाबासाहेबही असतील, असे त्यांनी मोठ्या मनाने सांगितले. आम्ही घरटी ५० रुपये वर्गणी काढतो आहोत आणि पावती देतो आहोत.

केपटाऊनला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची मिश्र वस्ती होती. वर्णभेदी सरकारने १९६६ ला तो भाग गोऱ्यांचा जाहीर केला आणि ६० हजारांहून जास्त माणसे उठवून लांब माळावर नेली. १९९४ ला तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडले. त्याची मुख्य वस्तू म्हणजे जमिनीवर पसरलेला वस्तीचा मोठा नकाशा. जुने रहिवासी येतात, गुडघ्यावर बसतात आणि आपले घर जिथे होते तिथे नाव लिहितात. पाडकाम करणाऱ्यांपैकीच एकाने रस्त्यांच्या पाट्या वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या, त्या वर टांगल्या आहेत. हे मी वाचले आणि आमच्या मुलीला सांगितले. तिने दुसऱ्या दिवशी बिनरेघी कागद जोडून रमाबाई नगराचा नकाशा काढायला घेतला. गल्ल्यांना नंबर नाहीत, खुणा आहेत: पिठाची गिरणी, सार्वजनिक नळ, विहार, फोटोवाला, जिथे रिक्षा वळत नाही तो कोपरा. इमारती उभ्या राहिल्यावर ‘विंग आणि फ्लॅट नंबर’ येईल. गिरणी कुठल्या विंगेत येते हे विकासक सांगू शकणार नाही.

आता सरकारकडे काय मागायचे ते सांगते. मागण्या तीन आहेत आणि एकही खर्चिक नाही. पात्रता ठरवताना, परिशिष्ट-२ तयार करताना, प्रत्येक कुटुंबाकडून पुराव्यांच्या प्रती घेतल्या गेल्या. हा वस्तीचा सर्वांत मोठा संग्रह आज प्राधिकरणाच्या हातात आहे. वाटप संपले की तो ‘ड’ मध्ये जाऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. त्याचा आधार घेऊन तो जपण्याचा निर्णय आत्ताच करावा, आणि खासगी तपशील झाकून पुढे पुराभिलेख संचालनालयाकडे द्यावा. दुसरे, गुंडेवार आयोगापुढच्या साक्षी आणि शपथपत्रे मराठीत वाचायला मिळावीत, निदान घाटकोपरच्या लोकांना. तिसरे, पुनर्वसन इमारतींत बालवाडी, सोसायटी ऑफिस आणि कल्याण केंद्राला जागा ठेवावी लागते. त्यांतले एक कल्याण केंद्र, एकच खोली, लोखंडी कपाट आणि खिडकीसकट, वस्तीच्या कागदांसाठी द्यावी. नाही दिली तर तिथे कॅरम येईल, आणि कॅरमला माझा विरोध नाही, पण खोल्या बऱ्याच असणार आहेत.

मागच्या रविवारी आम्ही एक छोटी रंगीत तालीम केली. सहा टेबले, काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक, ११ उसने कागद. त्यात त्या आजींची शिधापत्रिका होती. पत्रकाच्या जोडीला ती लागतेच, असे आमच्या मुलीने त्यांना पटवले होते. दुपारी तीनच्या सुमारास आजी नातवाला घेऊन आल्या, टेबलापुढे उभ्या राहिल्या, आपलाच कागद लांबून नीट पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, काढा. उद्या सकाळी बोलावलंय." मी वही उघडली, सही घेतली, कार्ड कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिले. टेबलावर चौकोनी जागा मोकळी राहिली. मुलीने वहीचे पान फाडून तिथे चिठ्ठी ठेवली: ‘सुनावणीसाठी मालकीण घेऊन गेल्या आहेत.’ आजींनी नातवाकडून ती वाचून घेतली आणि विचारले, दुपारी दोनपर्यंत परत आणून दिले तर चालेल का.